शिकलगारांची कानस आणि तंबोऱ्याची जवारी

गवई मैफलीत स्थानापन्न झाला, की त्याच्या पाठीशी दोन तंबोरे उभे राहतात, आणि श्रोत्यांची दृष्टी त्यांच्याकडे क्वचितच वळते. परंतु चार तारांच्या त्या वाद्याने षड्जाचा जो अखंड प्रवाह सोडलेला असतो, त्याच्यावाचून ख्यालाची इमारत उभी राहणे अशक्य आहे. हे वाद्य घडविण्यात ज्या मिरजेने लौकिक मिळविला, तेथील कारागिरांचे मूळ कसब शस्त्रांना धार लावण्याचे होते, ही गोष्ट मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे.

तलवारी आणि भाले पाजळून देणे हा शिकलगारांचा वंशपरंपरागत पेशा. पेशवाई बुडाली, इंग्रजांचा अंमल बसला, संस्थानांच्या सिलेखान्यांतील हत्यारे म्यानातच राहू लागली आणि या कुशल हातांना काम उरेना. तेव्हा १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी पटवर्धनांच्या मिरजेत तंतुवाद्यांच्या कामास हात घातला. पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहिले, त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर पलुस्कर येथेच शिकले, आणि अब्दुल करीम खाँसाहेब येथे स्थायिक होऊन १९३७ साली निवर्तल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्यात चिरविश्रांती पावले. गाणारे आणि घडविणारे असे एकाच गावात नांदले, म्हणून कारागिराच्या हाताला गवयाच्या कानाची जोड मिळाली.

तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूरच्या परिसरातून, भीमाकाठच्या शेतांतून. तो पुरता वाळला, की त्याचे तोंड कापून गर व बिया खरवडून काढतात, पाण्यात भिजवून नरम करतात, आतून काठ्यांचा ताण देऊन त्यास इष्ट गोलाई आणतात आणि पुन्हा सुकवितात. त्यावर तून लाकडाची तबली बसते, पोकळ दांडी जोडली जाते, खुंट्या लागतात. पुरुषी आवाजासाठी भोपळा मोठा, बायकी आवाजासाठी लहान. इतके झाले, तरी वाद्याचे केवळ शरीर सिद्ध झालेले असते. त्यात प्राण ओतायचा असतो तो जवारीने.

तबलीवरच्या घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या आडव्या पट्टीचा, माथा वरकरणी सपाट दिसतो, पण त्याला अतिशय मंद असा उतार असतो. कारागीर तारा बाजूला सारतो, त्या माथ्यावरून कानस एकदा-दोनदा हलकेच फिरवितो, उडालेला भुगा फुंकरीने झटकतो, तारा पूर्ववत बसवितो आणि एकेक छेडून कान लावतो. स्वर आखडलेला वाटला, तर पुन्हा तारा सरतात, पुन्हा कानस फिरते. अखेरीस तो तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सारतो आणि केसभर पुढेमागे करतो. एका विवक्षित जागी तो आला, की आतापर्यंत ठणठणणारी तार एकाएकी गुंजू लागते. जवारी खुली ठेवायची की बंद, हे गवयाच्या गळ्यावर ठरते. त्याला मोजपट्टी नाही.

या चमत्कारास शास्त्रीय कारण आहे. कंप पावणारी तार त्या उतारावर क्षणोक्षणी टेकते व सुटते, तिची कंपणारी लांबी सतत बदलते, आणि मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे स्वयंभू स्वर जागे होतात. म्हणूनच खरजाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात दाखविले, की तार ज्या ठिकाणी छेडली असता काही उपस्वर नियमाप्रमाणे उमटूच नयेत, तेथे छेडूनही ते या वाद्यांत स्पष्ट उमटतात.

धार लावणारा लोखंडाचा नको तेवढा अंश झिजवून पाते तीक्ष्ण करतो, आणि जवारी लावणारा घोडीचा नको तेवढा अंश झिजवून स्वर मोकळा करतो. दोन्ही कामांत अधिक झिजले ते परत जोडता येत नाही. म्हणून कोठे थांबायचे हे ज्याला कळले, तोच खरा उस्ताद. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली, याचा आनंद मोठाच आहे. पण वाजवून वाजवून तारा घोडीवर चरे पाडतात, जवारी बसते, आणि तंबोरा पुन्हा सतारमेकर गल्लीत येतो. त्या दिवशी तेथे कानस धरणारा हात आणि ऐकणारा कान हजर असला पाहिजे. तसा कान तयार होण्यास उमेदीची वर्षे जातात, आणि ती देऊ इच्छिणाऱ्या मुलाला या पेशावर संसार चालविता यावा, ही जबाबदारी आपणा श्रोत्यांचीही आहे.