माती पुरातच जाते असं नाही

जुलै 2023 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात, आनंदनगरात पुराने लोक अडकले, हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. जिल्ह्यात नाल्याकाठची वावरं खरडून गेली, पंचनामे झाले. असं काही पाहिलं की माती जाते ती पुरातच, असं वाटतं. प्रत्यक्षात ती पूर न येताही दरवर्षी जाते. देशाची सरासरी धूप हेक्टरी वर्षाला सुमारे 16 टन, हा 1983 सालचा अंदाज आजही वापरतात. हेक्टरभर पसरली तर जेमतेम सव्वा मिलिमीटर! डोळ्याला काय दिसणार? खूण मात्र वावरातच असते. वरच्या धुऱ्याजवळ मुरूम उघडा पडतो, तुरीच्या बुंध्याशी मुळ्या दिसू लागतात आणि खालच्या धुऱ्याला मऊ माती साचते.

‘आपली जमीन भारी काळी, ती कशाला वाहते?’ हा त्याहून मोठा गैरसमज. उन्हाळ्यातल्या भेगांत पहिले पाऊस मुरतात खरे. पण ओल मिळाली की काळी माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी आत शिरत नाही. मग शेकडा एक-दोनच्या उतारावरूनही ते गढूळ होऊन धावतं. त्यात पऱ्हाटीच्या दोन तासांमधली जागा जुलैभर उघडी, डवऱ्याने नुकतीच भुसभुशीत केलेली. तास उताराच्या दिशेने असतील तर पाण्याला आयतीच वाट.

‘गेलं ते डीएपीने भरून काढू’, असंही म्हणतात. मातीत एकूण नत्र 0.05 टक्के धरलं तरी 16 टनांबरोबर 8 किलो जातं. डीएपीच्या 50 किलोच्या पोत्यात 9 किलो असतं. एवढंच असतं तर पोतं परवडलं असतं. पण पाणी आधी उचलतं ती बारीक चिकणमाती आणि सेंद्रिय कर्ब, म्हणजे खत धरून ठेवणारा भागच. तो कर्ब डीएपीच्या पोत्यात नसतो. तलावातला गाळ जरूर टाका, पण ती आपल्याच शिवारातली माती भाडं भरून परत आणणं झालं.

बांधबंदिस्ती केली की काम संपलं, हेही अर्धंच खरं. धुरा माती अडवतो तो वावराच्या टोकाला; वरची जागा तोवर उघडी पडलेली असते. पाणी जिथे पडतं तिथेच थोपवायला तास उताराला आडवेच हवेत आणि कुटार, पऱ्हाट्या न जाळता वावरातच कुजवायला हव्यात. अडचण एवढीच, की ट्रॅक्टरवाल्याला लांब तास सोयीचे, मग ते उताराच्या दिशेने का असेनात; वळणं कमी पडतात. तेव्हा पेरणीच्या दिवशी त्याला आधी उतार दाखवा, मगच तास धरू द्या.