लॉन रोडवरची पांढरी इमारत

उत्तर लंडनमधल्या हॅम्पस्टेड भागात, लॉन रोड या शांत गल्लीत, एखाद्या बोटीसारखी दिसणारी पांढरी इमारत आहे. नाव आयसोकॉन. वेल्स कोट्स या वास्तुरचनाकाराने ती काँक्रीटमध्ये घडवली आणि 1934 साली ती राहायला खुली झाली. घरे चिमुकली, स्वयंपाकघर नावापुरतेच.

इथल्या 7 क्रमांकाच्या घरात आर्नोल्ड डॉइच राहत असे. वरकरणी तो विद्यापीठातला अभ्यासक. प्रत्यक्षात सोव्हिएत गुप्तहेर. बडे अधिकारी गळाला लावण्यापेक्षा उद्या अधिकारी होतील अशा केंब्रिजच्या तरुणांना आजच जोडून घ्यावे, ही त्याची रीत. 1934च्या जूनमध्ये रीजंट्स पार्कमधल्या बाकावर त्याने किम फिल्बीला आपल्याकडे वळवले. हाच फिल्बी पुढे ब्रिटिश हेरखात्यात उच्चपदी पोहोचला आणि 1963 साली मॉस्कोला पळाला. इतका दूरवरचा विचार हेरगिरीच्या इतिहासात क्वचितच दिसतो.

महायुद्धाच्या काळात रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्तीही याच इमारतीत राहिल्या. डॉइच तोवर लंडन सोडून गेला होता. आज तळमजल्यावरच्या जुन्या गॅरेजमध्ये छोटे संग्रहालय आहे. इमारतीवरच्या निळ्या फलकावर इथे राहिलेल्या, वास्तुरचनाकार ग्रोपिअससह तीन कलावंतांची नावे आहेत, डॉइचचे नाही. हौशी इतिहासप्रेमी मात्र त्याच्याच शोधात या गल्लीत वळतात.