वाड्यावरची भाकरी

दसरा-दिवाळी आटोपून खरिपाचीं रानें मोकळीं झालीं, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या तालुक्यांतून धनगरांचे वाडे पश्चिमेकडे कृष्णाकांठीं उतरूं लागतात. वाडा म्हणजे आमच्या कित्येक तरुण वाचकांस वाटतें तसें चिरेबंदी घर नव्हे. चार-सहा कुटुंबें, दोन-चारशें मेंढरें, पाठीवर पाल, भांडीं, कोंबड्या व तान्हीं कोंकरें लादलेलीं घोडीं आणि राखणीचीं कुत्रीं, असा हा चालता संसार असतो. कांहीं वाडे कराड-पाटणवरून कुंभार्ली घाटानें कोंकणांत जातात व पावसाळ्याच्या तोंडावर माघारी फिरतात.

आपला या लोकांशीं संबंध काय तो मेंढरें बसविण्यापुरता. पूर्वीं त्याचा मोबदला धान्यांत दिला जाई व त्यासोबत घरचें भाकरी-कालवणही वाड्यावर जाई. हल्लीं बहुतेक ठिकाणीं रोख पैसे आले आणि भाकरी गेली. आमचें मत असें कीं, यांत शेतकऱ्याचाच तोटा झाला.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आम्हांस एकदां विट्याहून कडेगांवमार्गें कराडास जावयाचें होतें. वाटेंत आमची फटफटी बंद पडली व दिवस मावळला. जवळच एका रानांत वाडा उतरला होता, तेथें जाऊन बसलों. तीन धोंड्यांची चूल पेटलेली. एक वयस्क बाई काठवटींत बाजरीचें पीठ मळीत होती आणि लहान कोंकरें वाघरींत कोंडून मुलें त्यांस एकेक करून आईकडे सोडीत होतीं. आमच्याजवळ घरून बांधून दिलेली शिदोरी होती: ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा खर्डा व दोन कांदे. ती आम्हीं त्यांच्यापुढें सोडली. प्रथम कोणी हात लावीना. सरकारी माणसाचें खावें कीं नाहीं, असा त्यांस संकोच पडला असावा. (आमच्या हातांतील दप्तराचा हा प्रताप!) मग त्या बाईनें चटणी चाखली आणि शेंगा कोठल्या रानांतल्या, माळाच्या कीं मळईच्या, असें विचारलें. शेंगा आमच्याच माळाच्या होत्या, हें तिनें चवीवरून ओळखलें होतें!

त्यांनीं आम्हांस हुलग्याचें माडगें वाढलें. हुलगे भाजून दळावे, तें पीठ पाण्यांत कालवून लसूण-मीठ घालून शिजवावें, एवढाच त्याचा विधि. परंतु थंडीच्या रात्रीं दिवसभर चाललेल्या माणसास त्यासारखें दुसरें अन्न नाहीं. वर मेंढीचें दूध भाकरीवर घातलें. हें दूध गाईच्या दुधाहून पुष्कळ दाट असतें. न संवयलेल्या माणसानें बेतानेंच घ्यावें.

जेवतांना आम्हीं सहज विचारलें कीं, ज्याच्या रानांत उतरलां आहां तो मोबदला बरा देतो काय? बाई म्हणाली, "पैसं समदीच देत्यात, आण्णा. पर भाकरीचं इचारणारं घर ध्यानांत ऱ्हातं. म्होरल्या साली पाय आपसूक तिकडंच वळत्यात." सकाळीं निघतांना आमचा डबा तिनें रिकामा दिला नाहीं; दूध घालून दिला.

"पाय तिकडंच वळत्यात" या शब्दांची किंमत वाचकांनीं करावी. मेंढ्यांच्या लेंडीखतांत नत्र सुमारें ३ टक्के, स्फुरद १ टक्का व पालाश २ टक्के धरतात. साध्या शेणखतांत नत्र अर्धा टक्काच. शिवाय मेंढरें रानांतच बसल्यानें मूत्रही जागच्या जागीं मुरतें, गाडीभाडें पडत नाहीं. आमच्या माहितीच्या एका बागाईतदारानें सकाळीं मेंढरें पुन्हां मोजून ठरल्या पैशांत काट मारली. दुसऱ्या वर्षीं वाडा त्याचा बांध ओलांडून शेजाऱ्याच्या रानांत बसला, व आज तो शेजारी वाड्याची वाट पाहतो आणि हा खताच्या मालमोटारीची.

जर्मन पंडित गुंथर सोन्थायमर यांनीं धनगरांत हिंडून त्यांच्या ओव्या व कथा टिपल्या आणि १९७६ सालीं बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवर जर्मन भाषेंत ग्रंथ प्रसिद्ध केला. कवठेमहांकाळ तालुक्यांतील आरेवाडीचा बिरोबा आपल्या उशाशीं. पण त्याच्या भक्तांच्या चुलीवर काय शिजतें, हें आपणांपैकीं किती जणांस ठाऊक आहे?

आतां काळ अधिकच अडचणीचा आला आहे. ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा योजनांचें पाणी आल्यानें पडीक रानें ऊंस, द्राक्ष व डाळिंबाखालीं गेलीं. पाणी आलें हें उत्तमच झालें, त्याबद्दल तक्रार नाहीं. परंतु वाड्याची वाट अरुंद झाली. बांधावरून तंटे होतात. त्याहून वाईट म्हणजे औषध फवारलेल्या पिकाचा पाला किंवा कोंवळ्या ज्वारीचे फुटवे खाऊन मेंढरें दगावतात, आणि एका रात्रींत त्या कुटुंबाचें वर्षाचें उत्पन्न जातें. रानांत उतरतांच कोठें फवारणी झाली आहे हें मालकानें स्वतः दाखवावें. भाकरी घेऊन वाड्यावर गेलेला माणूस हें बोलतो. नुसते पैसे पाठविणारा बोलत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

वाडा उठल्यावर लेंड्या उन्हांत वाळूं न देतां दोन-तीन दिवसांत कुळवाची हलकी पाळी द्यावी. रान किती रात्रीं बसवावयाचें तें मेंढरांची संख्या पाहून आधींच ठरवावें, व ठरलेलें सकाळीं बदलूं नये. भाकरी ज्वारीची द्यावी, कारण बाजरी त्यांच्या घरचीच असते. सोबत चटणी, खर्डा व जमल्यास गुळाचा खडा. आमच्या रानांत यंदा वाडा मार्गशीर्षांत बसावयाचा आहे. शेंगा भाजून ठेवल्या आहेत.