एका मिलिमीटरची मोकळीक

उत्तर जपानच्या तोहोकु भागातल्या डोंगरांत हिवाळ्यात बर्फाचे थर साचतात, आणि विजेच्या लाइनवर दुरुस्तीची गरजही नेमकी तेव्हाच पडते. तिथल्या तोहोकु इलेक्ट्रिक पॉवर कंपनीची माणसे जीपने जात. जीप बर्फ कापत जाई, पण आत बसणारा गारठून जाई. हिवाळ्यात नीट बसता येईल आणि बर्फातही चालेल अशी गाडी कंपनीने मागितली. मियागीतल्या सुबारू विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये पुढच्या चाकांवर चालणाऱ्या व्हॅनला मागून ताकद देण्याचा खटाटोप सुरू झाला. त्या खटपटीतून 1972 साली चारही चाकांवर चालणारी लिओनी इस्टेट व्हॅन बाजारात आली.

तिच्यात मागची चाके जोडायला दांडी होती. गरज पडली की जोडायची, एरवी सोडून द्यायची. पुढे सुबारूने चारही चाके कायमची जोडून टाकली, आणि टायर हा गिअरबॉक्सचाच एक भाग होऊन बसला.

वळणावर चारही चाके वेगवेगळे अंतर कापतात. पुढच्या आणि मागच्या चाकांमधला हा फरक सोसायला मध्ये काहीतरी लागते. मॅन्युअल गिअरच्या अनेक सुबारूंमध्ये मधल्या डिफरन्शियलला व्हिस्कस कपलिंगची जोड असते. बंद डब्यात पातळ चकत्या असतात, एकीआड एक पुढच्या आणि मागच्या बाजूशी जोडलेल्या, आणि भोवती दाट सिलिकॉन तेल. एक बाजू जास्त वेगाने फिरू लागली की चकत्यांमधले तेल तिला ओढून धरते. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत हे काम तेलात बुडालेल्या क्लच प्लेट करतात. ही रचना थोडा वेळ टिकणाऱ्या फरकासाठी आहे. वळण संपले की तिला विसावा मिळतो. चारांतला एक टायर लहान असेल, तर सरळ हायवेवरसुद्धा फरक चालूच राहतो. तेल तापते, प्लेट झिजतात. मग एक दिवस पार्किंगमधून पूर्ण स्टीअरिंग वळवून निघताना गाडी अडखळत, धक्के देत पुढे सरकते.

किती लहान म्हणजे लहान? नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिलिमीटर खोल असते आणि 1.6 मिलिमीटरवर टायर बाद धरतात. नक्षी 1 मिलिमीटर झिजली की व्यास 2 मिलिमीटरने घटतो, म्हणजे घेर सुमारे 6.3 मिलिमीटरने. सुबारूचा दंडक असा, की चार टायरच्या घेरांत पाव इंचाहून, म्हणजे सुमारे 6.4 मिलिमीटरहून, जास्त तफावत नको. सगळी मोकळीक एवढीच: नक्षीचा एक मिलिमीटर.

म्हणूनच निम्म्या झिजलेल्या टायरांपैकी एकाची बाजू फाटली की दुकानदार चार नवे टायर घ्यायला सांगतो. ग्राहकाला वाटते, हा माल खपवतो आहे. या गाडीपुरता तरी दुकानदार खरे बोलत असतो, कारण क्लच किंवा कपलिंग उघडण्याचा खर्च टायरच्या खर्चाला सहज मागे टाकतो. दुसरी वाटही आहे. अमेरिकेत काही विक्रेते नवा टायर यंत्रावर फिरवून त्याची नक्षी उरलेल्या तिघांइतकी तासून देतात. कोरे रबर तासायला जीव धजत नाही, पण तीन चांगले टायर वाचतात.

सगळ्यांत स्वस्त उपाय मात्र टायर वेळच्या वेळी फिरवण्याचा. पुढच्या टायरांवर इंजिनाचे वजन, स्टीअरिंग आणि ब्रेकचा मोठा वाटा, त्यामुळे ते बहुधा आधी झिजतात. दर 8 ते 10 हजार किलोमीटरला जागा बदलल्या की चौघांची झीज बरोबरीने होते. मागचे सरळ पुढे आणि पुढचे तिरके मागे, ही चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांची रूढ पद्धत आहे. नक्षीला दिशेचा बाण असेल तर टायर त्याच बाजूला पुढेमागे करायचा. तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते आधी पाहावे. हवेचा दाबही तपासायला हवा, कारण हवा कमी असलेला टायर लहान टायरासारखाच जास्त फेरे घेतो.

बारीक स्टेपनीचे काय, हा प्रश्न सुबारूलाही पडला होता. जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत बॉनेटखाली एक रिकामा सॉकेट असे. त्यात साधा फ्यूज खोचला की मागच्या चाकांकडे जाणारी ताकद बंद होई आणि क्लचला त्रास न होता स्टेपनीवर घर गाठता येई. मला या गाडीतली ही सर्वांत समंजस सोय वाटते.

आपल्याकडे सुबारूची फॉरेस्टर काही काळ शेव्हरोलेच्या नावाने विकली गेली. आज ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरची ऑल-व्हील-ड्राइव्ह आवृत्ती चालवणाऱ्यांनी टायरांचा हाच हिशेब ठेवावा. थार फोर-बाय-फोरची गोष्ट वेगळी. टू-हाय मध्ये तिची फक्त मागची चाके ओढतात, त्यामुळे पुढची जोडी थोडी जास्त झिजली तरी डांबरी रस्त्यावर बिघडत नाही. पण तिच्यात मधला डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर फोर-हाय लावून, म्हणजे चारही चाके जोडून, वळले, तर चारही टायर नवे असले तरी ताण थेट गिअर आणि शाफ्टवर येतो.