टिपणांचे नाते

टिपणे पुष्कळ जमतात. परंतु एका टिपणाचे दुसऱ्याशी काय नाते आहे, हे वहीत सहसा दिसत नाही. ते दाखविणारी ‘ऑब्सिडियन’ नावाची एक संगणक-प्रणाली आहे. ती मी खानदेशाविषयीच्या माझ्या टिपणांवर वापरून पाहिली.

‘साने गुरुजी’ या टिपणात मी लिहिले : ‘हे अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली, ती यांनी लिहून घेतली.’ यांतील अमळनेर, धुळे आणि विनोबा ही नावे दुहेरी चौकोनी कंसांत घालताच ती त्या त्या नावाच्या टिपणांशी जोडली गेली. मग आलेख उघडला. प्रत्येक टिपणाचा एक ठिपका आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा पडद्यावर उमटल्या. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर आणि धुळे यांच्या मधोमध साने गुरुजी होते!

त्याच आलेखात धुळ्याच्या एका बाजूस इतिहासाचार्य राजवाडे व दुसऱ्या बाजूस विनोबा दिसले. या दोघांची धुळ्यास भेट झाली असावी, असे क्षणभर वाटले. दोन्ही टिपणे उघडून साल ताडून पाहिले, तो राजवाडे १९२६ सालीच धुळ्यास निवर्तलेले! प्रवचने त्यानंतरची. दोघांत समान होते ते केवळ गाव.

मुलांनो, रेषा संबंध आहे एवढेच सांगते. तो कोणता, हे सांगत नाही. यंत्र धागा दाखविते. त्याची पारख आपणच करावयाची असते.