पोर तंद्रीत की फिटमध्ये?



जेवता-बोलता पोर मध्येच थबकतं, टक लावून बघतं, हाकेला ओ देत नाही. दहा-पंधरा सेकंदांत पुन्हा पूर्ववत! आपण 'तंद्री लागली' म्हणून धपाटा घालतो. पण हा अपस्माराचा, म्हणजे फिटचाच, एक प्रकार असू शकतो. तो बहुधा ४ ते १० वर्षांच्या वयात सुरू होतो, दिवसातून अनेकदा येतो. पोर पडत नाही, फेस येत नाही, म्हणून ध्यानात येत नाही. अभ्यास मात्र मागे पडतो.

मेंदूचा आलेख काढून निदान होते. योग्य गोळ्यांनी बहुतेकांच्या फिट थांबतात. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. तोवर पाटण खोऱ्यातल्या आपल्या पोरांना कोयनेत वा विहिरीत एकटे पोहू देऊ नये. मार नको, डॉक्टरांना दाखवा, ही आमची विनंती.