चालकाची झोंप ओळखणारीं यंत्रें

नागपूरहून मुंबईकडे जाणाऱ्या ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धि महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं व अखेरचा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. रस्ता रुंद, सरळ आणि निर्वेध आहे. परंतु हा निर्वेधपणाच चालकाचा वैरी ठरूं शकतो. वळण नाहीं, गर्दी नाहीं, गिअर बदलण्याचें कारण नाहीं. मनास काम उरलें नाहीं म्हणजे लक्ष मंदावतें, आणि डोळे उघडे असूनही समोरचें दिसेनासें होतें. या अवस्थेस ‘हायवे हिप्नॉसिस’ म्हणतात. आपण तिला मार्गाची भूल म्हणूं. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील अभ्यासकांनीं २०२३ सालीं याच महामार्गाच्या संदर्भांत तिच्याकडे लक्ष वेधलें होतें.

या भुलीमागून डुलकी येते. ताशीं १२० किलोमीटर वेगानें धांवणारी मोटार सेकंदास सुमारें ३३ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला, तर शंभर मीटर वाट चालकावांचूनच सरते!

यंत्राला ही डुलकी कशी कळते? चालकासमोरील छोटा कॅमेरा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशांत त्याचा चेहरा पाहतो. म्हणून रात्रींही त्याचें काम अडत नाहीं. पापण्या तर आपण सारेच मिटतों. त्यामुळें ठराविक काळांत त्या चार-पंचमांशाहून अधिक मिटलेल्या किती वेळ होत्या, याचें प्रमाण यंत्र काढतें. तें वाढलें कीं, घंटा वाजते किंवा आसन थरथरतें. दुसरें यंत्र स्टिअरिंगवर पाळत ठेवतें. जागा चालक तें सतत किंचित् हालवीत असतो. पेंगणारा कांहीं काळ तसेंच धरून ठेवतो आणि मग दचकून एकदम वळवितो. तिसरा उपाय रस्त्यांतच असतो. कडेच्या खांचांवर चाक जातांच मोठी घरघर होते.

मात्र घंटा जागें करते, विश्रांति देत नाहीं. दचकून आलेली जाग लवकरच ओसरते. गाडी सुरक्षित स्थळीं थांबवून पंधरा-वीस मिनिटें निजणें हा तात्पुरता उतारा. पुरेशी झोंप हाच खरा. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानें दिवसास आठ तासांच्या कामाची मर्यादा घातली होती, आणि पांच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांति सांगितली होती. यंत्रें नवीं असलीं तरी शहाणपण जुनेंच आहे.

वेळेवर पोंचण्याचें दडपण ज्याच्यावर आहे, तो चालक घंटा ऐकूनही थांबेलच असें नाहीं. म्हणून मालकानें त्याला वेळ द्यावा. आणि आपण प्रवाशांनींही, ‘आतां थोडेंच राहिलें’ असें न म्हणतां, त्याला स्वस्थ निजूं द्यावें.